महापालिकेच्या खांबावर झेंडा कुणाचा?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

परवा सकाळी फिरून आल्यावर नेहमीच्या ठिकाणी मिसळ खाताना वाद पेटला. दोन दिवस झाले तरी विझेना, म्हणून इथं आणतोय. आमच्या तालमीतल्या पोरांचं म्हणणं असं, की आपल्या कोल्हापूर महापालिकेच्या मुख्य इमारतीवर तिरंग्याच्या जोडीनं भगवा कायमचा असावा. निवेदन टाइप करून तयार आहे. पहिली सही माझी हवी, कारण मी निवृत्त मास्तर, माझी सही वर असली की पेठेत वजन पडतं अशी त्यांची समजूत आहे.

मी सही केलेली नाही. नाहीही म्हटलेलं नाही. "बघू" म्हटलं, आणि हे "बघू" आता मलाच छळतंय.

भगव्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तालमीवरचा झेंडा तालमीचा, देवळावरचा देवळाचा. पालिकेवर लावला की तो कुणाचा? 1854 साली इथं नगरपालिका झाली, 1972 साली महापालिका. संस्थान 1949 च्या मार्चमध्ये विलीन झालं. एवढ्या सगळ्यात त्या इमारतीवर कोणते झेंडे असावेत हे कुणी ठरवलंय का, की आपण तिरंगा बघून गृहीतच धरलंय? माहीतगारांनी सांगावं. घोषणा नकोत, त्या ऐकून झाल्यात.

नादखुळा

मास्तर, यात बघायचं काय? लावायचा. 6 जूनला जिल्हा परिषदेवर भगवा चढतो, पंचायत समितीवर चढतो, गावागावात ग्रामपंचायतीवर चढतो. 2021 साली सरकारनंच आदेश काढलाय, आणि तेव्हा त्या खात्याचे मंत्री आपल्या कागलचेच. मग शहरानं काय घोडं मारलंय? गावाला चालतं ते कोल्हापूरला चालत नाही व्हय?

(निवेदन मीच टाइप केलंय. शुद्धलेखनाच्या चुका मास्तरांनी अजून दाखवल्या नाहीत म्हणजे वाचलेलंच नाही.)

पंचगंगाकाठ

वाचलंय. पहिल्याच ओळीत तीन आहेत.

कागदोपत्री

आदेशाचा विषय निघालाय तर नीट बघूया, कारण त्यातलं अर्धंच सगळीकडे फिरतं.

तो आदेश ग्रामविकास विभागाचा. त्यामुळे जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत एवढ्यापुरता. महापालिका नगरविकास खात्याखाली येते, तिला तो लागू होत नाही. दुसरं, त्यात नुसता 'भगवा लावा' असं नाही. 'शिवस्वराज्य दिन' एका दिवसाचा, आणि उभारायची ती स्वराज्यगुढी. किमान 15 फुटी काठी, 3 फूट रुंद आणि 6 फूट लांब भगवा, त्यावर शिवमुद्रा, जिरेटोप वगैरे. सकाळी उभारायची आणि सूर्यास्ताला उतरवायची. म्हणजे त्या आदेशाचा आधार घेऊन 'कायमचा' मागता येत नाही. उलट तो आदेशच संध्याकाळी उतरवायला सांगतो.

आता तिरंग्याची बाजू. भारतीय ध्वजसंहिता 26 जानेवारी 2002 पासून लागू आहे. ज्या महत्त्वाच्या सार्वजनिक इमारतींवर राष्ट्रध्वज लावायचा त्यांची यादीच तिच्यात आहे: उच्च न्यायालयं, सचिवालयं, आयुक्तांची आणि जिल्हाधिकाऱ्यांची कार्यालयं, तुरुंग, नगरपालिका, जिल्हा परिषदा. तुरुंगाचं नाव वाचून मी पहिल्यांदा दचकलो होतो. म्हणजे पालिकेवरचा तिरंगा ही नुसती प्रथा नाही, तो लिहिलेला नियम आहे. दुसऱ्या झेंड्यांना संहिता सरसकट बंदी घालत नाही, पण त्यांची जागा सांगते. राष्ट्रध्वजापेक्षा उंच नको, त्याच्या खांद्याला खांदा लावून नको, आणि एकाच काठीवर तर नकोच नको. 'जोडीनं' हा तुमच्या निवेदनातला शब्दच अडतो.

नादखुळा

मग वेगळा खांब. बुटका. लांब. झालं?

कागदोपत्री

नियमात बसेल, पण मास्तरांनी विचारलंय ते वेगळंच आहे.

फुटबॉलवेडा

वेगळा खांब घालताय तर हंगामात जो संघ चषक जिंकंल त्याचा झेंडा लावा. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, जो जिंकंल त्याचा. मग बघा कसं शांततेत पार पडतंय.

पंचगंगाकाठ

त्या दिवशी पालिकेला पोलीस बंदोबस्त मागवावा लागेल.

सीमाभागातला

मी बेळगावचा. सासुरवाडी राजारामपुरीत, म्हणून इथं डोकावतो. मला तुमचा वाद वाचून हसू आलं नाही, म्हणून लिहितोय.

2020 च्या डिसेंबरअखेरीस आमच्या महापालिकेच्या इमारतीसमोर काही कन्नड संघटनांच्या लोकांनी लाल-पिवळा झेंडा उभारला. तो राज्याचा अधिकृत झेंडासुद्धा नाही बरं का. 2018 मध्ये कर्नाटक सरकारनं मंजुरीसाठी केंद्राकडे पाठवला तो वेगळा: पिवळा, पांढरा, लाल आणि मधोमध गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा पक्षी. पण उभारणाऱ्यांना त्याचं काय? रोज त्या रस्त्यानं जाताना आमच्यातले म्हातारे मान वळवून जायचे. घरपट्टी आम्हीही भरतो, पाणीपट्टी आम्हीही भरतो, आणि दारातला झेंडा रोज सांगतो की हे घर तुमचं नव्हे.

मला भगवा प्रिय आहे, त्याच्यापायी काठ्या खाल्लेली माणसं माझ्या घरात आहेत. पण आपल्याच पालिकेच्या दारात दुसऱ्याचा झेंडा बघायला कसं वाटतं ते आम्हाला विचारा, मग ठरवा.

नादखुळा

दादा, तुमच्याबद्दल आदर आहे. पण भगवा आणि त्यांचा झेंडा एका मापात मोजू नका. इथं भगवा दुसऱ्याचा कुणाला वाटणार?

बागवान_गल्ली

हा प्रश्न मला आहे असं समजून उत्तर देते.

मला भगवा परका वाटत नाही. आमच्या गावात मोहरमचा पंजा आणि गणपती एका छताखाली बसतात, बाबूजमाल तालमीत जाऊन बघा. मोहरमला नवस बोलणाऱ्यांत अर्ध्या बायका मराठ्यांच्या घरातल्या असतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेला सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या मानाच्या उंच काठ्या, निघाल्या की आम्हीही गच्चीवर उभे राहतो. तो गुलाल आमच्याही अंगावर पडतो, आणि कुणी झटकत नाही.

पण ती काठी ज्याची त्याच्या खांद्यावर असते. बघणाऱ्याला काही सिद्ध करावं लागत नाही. पालिका म्हणजे जन्माचा दाखला काढायला जायची जागा, नळाचं बिल जास्त आलं म्हणून भांडायला जायची जागा. 2023 च्या जूनमध्ये, शिवराज्याभिषेक दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, मोबाइलच्या स्टेटसवरून या शहरात दगड पडले, इंटरनेट बंद झालं. त्या आठवड्यात माझ्या मुलाला मी बाहेर जाताना चार सूचना दिल्या होत्या. त्यानंतर नवा झेंडा कुठंही चढला की मी आधी बघते, चढवणाऱ्याचा चेहरा कसा आहे. झेंडा नंतर.

तुमच्या निवेदनावर सही मागायला आमच्या गल्लीत येणार आहात का? तेवढंच सांगा.

नादखुळा

ताई, खरं सांगू? यादीत तुमची गल्ली नव्हती.

निळ्या_आभाळाखाली

आणि आमची?

21 आणि 22 मार्च 1920 ला माणगावची परिषद झाली, ती याच संस्थानात. शाहू महाराज स्वतः आले आणि बाबासाहेबांना पुढारी म्हणाले. बिंदू चौकात माधवराव बागलांनी डिसेंबर 1950 मध्ये फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा बसवला, तेव्हा बाबासाहेब हयात होते. 'शाहू महाराजांचं गाव' म्हणून खांब मागायचा असेल, तर 14 एप्रिलला त्याच खांबावर निळा झेंडा चढणार का? की शाहू महाराज फक्त 6 जूनपुरते?

भांडत नाही. उत्तर हवंय.

कसबा_बावडा

जैन समाजाचा पंचरंगी ध्वजही मोजा मग. महावीर जयंतीची मिरवणूक आपल्याकडे लहान नसते. लिंगायत बांधव आहेत. 1 मे ला कामगार लाल बावटा घेऊन येतील, त्यांचाही हक्क धरा.

चार्ल्सकाठ

मूळचा शुक्रवार पेठेतला, सध्या अमेरिकेत बॉस्टनजवळ. वरचे तीन प्रतिसाद वाचून राहवलं नाही, कारण अगदी हेच इथं घडून गेलंय आणि ते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

बॉस्टनच्या नगरपालिकेसमोरच्या पटांगणात तीन खांब आहेत. एकावर देशाचा झेंडा, दुसऱ्यावर मॅसॅच्युसेट्स राज्याचा, तिसऱ्यावर शहराचा. या तिसऱ्या खांबाचा सगळा घोळ. एखाद्या संस्थेनं विनंती केली की शहर आपला झेंडा तासाभरासाठी उतरवायचं आणि त्यांचा चढवू द्यायचं. 2005 ते 2017 या काळात असे 284 सोहळे झाले, पन्नासेक वेगवेगळे झेंडे चढले. वेगवेगळ्या देशांचे, समलिंगी समुदायाचा इंद्रधनुष्यी, एका बँकेचासुद्धा. एकालाही नकार नाही. नियम लिहिलेला नाही, कुणी अर्ज वाचत नव्हतं, झेंडा आधी बघतही नव्हतं.

2017 मध्ये हॅरॉल्ड शर्टलेफ नावाच्या गृहस्थांनी क्रूस असलेला ख्रिस्ती झेंडा लावायची परवानगी मागितली. शहर घाबरलं. पालिकेच्या खांबावर धर्माचा झेंडा म्हणजे सरकारच त्या धर्माचं असं दिसेल, म्हणून नकार दिला. 284 नंतरचा पहिला नकार. 2 मे 2022 ला न्यायालयानं 9 विरुद्ध 0 असा निकाल दिला, आणि शहर हरलं.

नादखुळा

म्हणजे अमेरिकेच्या कोर्टानं धर्माचा झेंडा पालिकेवर लावायला लावला! हेच तर म्हणतोय मी.

चार्ल्सकाठ

अरे, अर्धं वाचून उड्या मारू नकोस. धर्माचा झेंडा लावायचा अधिकार आहे असं न्यायालय म्हणालं नाही. ते म्हणालं की हा खांब शहर स्वतःच्या तोंडासारखा वापरत असतं, म्हणजे कोणता झेंडा का, हे शहरानं विचार करून ठरवलं असतं, तर नकार देता आला असता. पण तुम्ही खांब येईल त्याला दिलात. मग तो खांब शहराचं तोंड राहिलाच नाही, चावडी झाला. चावडीवर एकाला बोलू द्यायचं आणि दुसऱ्याला त्याच्या मतामुळे गप्प करायचं, हे चालणार नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शहरानं नियम लिहिला. आता त्या खांबावर काही चढवायचं तर महापौरांची घोषणा किंवा परिषदेचा ठराव लागतो.

यापुढची गंमत 2025 मधली. युटा राज्यानं कायदा केला की सरकारी इमारतींवर ठरावीक झेंडेच चालतील, इंद्रधनुष्यी नाही. सॉल्ट लेक सिटीच्या परिषदेनं मे महिन्यात काय केलं? इंद्रधनुष्यी झेंड्याच्या कोपऱ्यात शहराचं फूल घातलं आणि तो शहराचाच अधिकृत झेंडा म्हणून मंजूर केला. तसे आणखी दोन. शहराच्या झेंड्याला कायद्यात परवानगी होतीच.

फुटबॉलवेडा

हे आपल्या पालिकेला सांगू नका. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा झेंडा मंजूर करतील.

कागदोपत्री

तिकडचं घटनेचं गणित वेगळं, ते जसंच्या तसं इथं लागू होत नाही. आपल्याकडे नवीन जिंदल यांच्या खटल्यात जानेवारी 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिरंगा लावणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क मानला. वाद या उद्योगपतींच्या छत्तीसगडमधल्या रायगढच्या कारखान्यावरच्या झेंड्याचा. तिथंही हक्क निरपवाद नाही, मान राखूनच. पण तो नागरिकाचा हक्क आहे, नागरिकाच्या जागेवर. पालिकेच्या खांबावर माझा झेंडा चढवा असं म्हणायचा हक्क त्यातून निघत नाही.

चावडी आणि तोंड हा फरक मात्र घेण्यासारखा आहे.

सीमाभागातला

उलटं उदाहरणही आहे. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या सिटी हॉलवर ब्रिटिश झेंडा वर्षभर असायचा. 3 डिसेंबर 2012 ला परिषदेनं 29 विरुद्ध 21 मतांनी ठरवलं की आता फक्त ठरलेल्या 18 दिवशी लावायचा. त्यावर आठवडेच्या आठवडे रस्त्यावर दंगे. झेंडा चढवण्यापेक्षा उतरवणं महाग पडतं. एकदा चढलेला कुणी उतरवू शकत नाही, हे चढवणाऱ्यालाही माहीत असतं. म्हणून तर घाई असते.

रात्रपाळी

एक शंका. 2022 पासून तिरंगा रात्रीही ठेवता येतो ना? मग पालिकेवरचा रोज संध्याकाळी का उतरवतात? आपल्या पोलीस उद्यानातला 303 फुटांचा खांब 2017 च्या 1 मे ला उभा राहिला, त्यावर ध्वज असला की तो तर रात्रीही असतो.

कागदोपत्री

2022 ची सवलत आहे ती उघड्यावर किंवा नागरिकांच्या घरांवर लावलेल्या ध्वजासाठी. सार्वजनिक इमारतीवरच्या ध्वजाचा जुना नियम वेगळा: रोज, रविवारी आणि सुट्टीलाही, हवा कशीही असली तरी, सूर्योदय ते सूर्यास्त. रात्री फक्त खास प्रसंगी. त्या उंच खांबांची गोष्ट निराळी, तिथं रात्री पुरेसा प्रकाश सोडलेला असतो.

दोरी_कप्पी

मी फार लिहीत नाही. पण 'हवा कशीही असली तरी' हे वाचून लिहावंसं वाटलं. एका सरकारी कचेरीत शिपाई म्हणून 28 वर्षं काढली. कचेरीचं नाव नको. त्यातली 19 वर्षं ध्वज माझ्याकडे होता.

तुम्ही सगळे झेंडा चढवायचं बोलताय. चढवायला दोन मिनिटं लागतात आणि साहेब लोक हजर असतात. भरभर चढवायचा, सावकाश उतरवायचा, असा नियम आहे. भरभर चढवताना सगळे बघतात. सावकाश उतरवताना मी आणि कावळे.

खादीचा ध्वज पावसात भिजला की किती जड होतो ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडचा जुलै म्हणजे आठ-आठ दिवस सूर्य नाही. सूर्यास्त घड्याळात बघायचा. ओलं कापड काठीला गुंडाळून बसतं, कप्पी गंजते, दोरी फुगते आणि सरकत नाही. वर चढून सोडवलाय मी दोन वेळा. घरी नेता येत नाही, ओला ठेवता येत नाही. मग खोलीत दोन टेबलांवर पसरून पंखा लावायचा, वाळेपर्यंत बसायचं. वाळला की घडी. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, चक्र वर दिसलं पाहिजे, मग दोन्ही तळव्यांवर घेऊन जायचं. फाटला की चिंधी करून फेकता येत नाही. एकांतात, मान राखून, अख्खा जाळायचा. मी असे तीन जाळलेत. त्या वेळी चप्पल काढायचो, ते नियमात नाही.

रविवारी सायकल मारत जायचो. दिवाळीच्या पाडव्यालाही. बायको म्हणायची, तुमचं दोन ठिकाणी लग्न झालंय.

चूकही झाली. एका 15 ऑगस्टला सगळं अंधारात बांधलं आणि उलटा चढला. दोन-तीन सेकंद. कुणी ओरडायच्या आत उतरवला, पण ते दोन-तीन सेकंद अजून झोपेत येतात. त्यानंतर केशरी बाजूच्या दोरीला मी पांढऱ्या सुताची गाठ मारून ठेवायचो. अंधारात बोटाला कळायची.

आता पोरांना विचारतो. वेगळा खांब म्हणजे वेगळी दोरी. ती संध्याकाळी ओढणार कोण? पालिकेचा शिपाई तिरंगा उतरवेल, तो त्याच्या कामात आहे. तुमचा भगवा कोण उतरवणार? चौकाचौकात बघा की. जयंतीला चढवलेला झेंडा पुढच्या जयंतीपर्यंत तसाच. उन्हात पांढरा पडतो, पावसात दोऱ्या सुटतात, शेवटी काठीला नुसती चिंधी. त्यावर महाराजांचं चित्र असलं तर आणखी वाईट. मला रस्त्यानं जाताना वर बघवत नाही.

बागवान_गल्ली

काका, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

नादखुळा

काका, आमच्या तालमीवरचा झेंडा आम्ही दर पाडव्याला बदलतो.

दोरी_कप्पी

म्हणजे वर्षातून एकदा.

नादखुळा

…व्हय.

पंचगंगाकाठ

दोन दिवस लिहिलं नाही, वाचत होतो. पोरांना घरी बोलावलं, चहा पाजला, आणि माझं उत्तर दिलं. इथंही देतो, म्हणजे फिरवता येणार नाही.

या निवेदनावर मी सही करणार नाही. इमारतीच्या माथ्यावर एक तिरंगा असावा, बास. ती जागा येईल त्याला द्यायची नाही, कारण मग निळ्या आभाळाखालच्या भावाला काय सांगायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि खोटं उत्तर द्यायची माझी इच्छा नाही. सासनकाठ्यांचं बघा. पहिली साताऱ्याकडच्या पाडळीची, मग बाकीच्या ठरलेल्या. हा मान आयत्या वेळी डोंगरावर ठरवत नाहीत. आधी ठरलेला असतो म्हणून तर एवढ्या काठ्या एका वाटेनं जातात. आपण मात्र झेंडा आधी चढवायचा आणि नियम नंतर शोधायचा, असं करायला निघालो होतो.

दुसरं निवेदन मात्र लिहीन, आणि पहिली सही माझी. आवारात, इमारतीपासून लांब, तिरंग्यापेक्षा बुटका एक खांब. त्यावर काय चढेल ते सभागृहानं ठराव करून ठरवावं, दिवसांची यादी लेखी असावी, 6 जून त्यात असावा, 14 एप्रिल असावा, बाकीचे कुणी मागितले तर त्यांचाही अर्ज त्याच टेबलावर वाचावा. सूर्यास्ताला उतरवायचा. उतरवणाऱ्याचं नाव ठरावात.

निळ्या_आभाळाखाली

यादी कोण करणार यावर पुन्हा भांडण होणार मास्तर.

पंचगंगाकाठ

होणार. पण ते सभागृहात होईल, मध्यरात्री शिडी लावून नाही.

सीमाभागातला

माझी सही चालत असेल तर घ्या. मतदार तिकडचा आहे म्हणा.

नादखुळा

मास्तरांचा कागद मला तितका पटलेला नाही, हे इथं सांगून ठेवतो. माथ्यावर भगवा हवा हे माझं मत तसंच आहे. पण दोरीकाकांच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

काका, तुम्हीच सांगा, काय केलं की तुमची सही मिळंल?

दोरी_कप्पी

तालमीवरचा झेंडा रोज संध्याकाळी उतरवा, सकाळी चढवा. पावसाळ्याचा एक महिना. एकही दिवस चुकवायचा नाही. मग मी सही करतो, कुठल्याही कागदावर.

फुटबॉलवेडा

पैज! नादखुळा आठवड्यात पळतोय.

नादखुळा

आज नववा दिवस. कालच्या पावसात दोरी अडकली, शिडी आणून सोडवली. आज रविवार, पोरं रंकाळ्यावर गेल्यात, मी एकटाच होतो. उतरवलाय. ओला आहे.

काका, आपल्या भगव्याला दोन टोकं असतात, त्याची घडी कशी घालायची? टोकं आत की बाहेर?

दोरी_कप्पी

आधी वाळव. टोकं आत.